क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि ओडी (ओव्हरड्राफ्ट) : आधी काय फेडायचं, कसं फेडायचं

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, टोटल ड्यू (पूर्ण देय रक्कम) आणि मिनिमम ड्यू (किमान भरायची रक्कम). मिनिमम ड्यू भरला की लेट फी लागत नाही आणि सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. त्याचा उपयोग तेवढाच. व्याजाचं मीटर चालूच राहतं.

बहुतेक कार्डांचा व्याजदर महिन्याला 3 ते 3.75 टक्के असतो. 3.5 धरू. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून जातात 4.13 टक्के. एक लाखाच्या थकबाकीवर महिन्याचे 4,130 रुपये झाले. मिनिमम ड्यू साधारण 5 टक्के असतो; पाच हजार भरलेत तरी मुद्दल उतरलं फक्त 870 रुपयांनी. शिवाय थकबाकी कमी होते तसा मिनिमम ड्यूही कमी होत जातो, आणि फेड लांबतच जाते.

म्हणून बिलावरचा आकडा बघून नव्हे, स्वतः रक्कम ठरवून भरा. कार्ड पूर्ण बाजूला ठेवून एक लाख फेडायला, याच दराने :

दरमहा 5,000 : 44 महिने, एकूण सुमारे 2,16,000 रुपये
दरमहा 8,000 : 18 महिने, सुमारे 1,43,500
दरमहा 10,000 : 14 महिने, सुमारे 1,31,600

‘कार्ड बाजूला ठेवून’ हे महत्त्वाचं आहे. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज. जुन्या बाकीवरचं व्याजही देय तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. उदाहरणार्थ, 15 जूनला 30,000 ची खरेदी, 12 जुलैला बिल, 1 ऑगस्टपर्यंत 10,000 भरले. उरलेल्या 20,000 वर 12 ऑगस्टच्या बिलात 58 दिवसांचं व्याज येईल : 1,335 रुपये आणि जीएसटी 240. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी एकही दिवस नाही, वर काढण्याचं शुल्क वेगळं.

इथेच अनेकांची गल्लत होते. थकबाकी एकदाची पूर्ण भरली तरी पुढच्या बिलात थोडं व्याज येतं. बिल निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. बँकेने फसवलं म्हणून ते भरायचं टाळू नका. शे-दोनशे रुपयांपायी लेट फी आणि सिबिलवर डाग लागतो.

ऑटो-डेबिट लावलं असेल तर ते मिनिमम ड्यूवर आहे का टोटल ड्यूवर, हे आजच तपासा. अॅपवरून भरताना देय तारखेच्या तीन दिवस आधी भरा, रक्कम जमा व्हायला वेळ लागतो. व्याज दिवसावर असल्याने हातात पैसे आले की त्याच दिवशी भरा, बिलाची वाट बघू नका.

व्याजावर 30 टक्क्यांची मर्यादा आहे, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. ग्राहक आयोगाचा 2008 चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. त्या भरवशावर राहू नका.

महाग कर्ज स्वस्तात वळवा

14 टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज 18 महिन्यांसाठी मिळालं तर लाखाला हप्ता सुमारे 6,190 रुपये, एकूण 1,11,400 आणि प्रोसेसिंग फी. या व्याजावर जीएसटी नाही. बाकी कार्डावरच ईएमआयमध्ये बदलून घेतली तर दर उतरतो, पण प्रत्येक हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी लागतो आणि मुदतीआधी फेडायला शुल्क असू शकतं. ते आधी विचारा. मुदत ठेव असेल तर तिच्यावर ओडी घ्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत (लिमिट) खात्यातून लागेल तेव्हा उचलायचं कर्ज. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, याहून स्वस्त पैसा सहसा मिळत नाही.

धंद्याच्या ओडीतून घरचं कार्ड फेडण्याचा मोह होतो. गणित जुळतं, पण त्या रकमेवरचं व्याज धंद्याच्या खर्चात दाखवता येत नाही, आणि माल उचलायच्या वेळी लिमिट अपुरं पडतं.

ओडीचं व्याज रोजच्या शिलकीवर लागतं आणि महिनाअखेरीला नावे पडतं. 12 टक्के दराने एक लाख रुपये दहा दिवस ओडी खात्यात भरून ठेवले तर 329 रुपये वाचतात. चालू खात्यात तेच पैसे शून्य व्याजाने बसतात. वसुली थेट ओडी खात्यात घ्या, पुरवठादाराला देय दिवशीच द्या.

लिमिट काठोकाठ वापरू नका. महिनाअखेरीचं व्याज पडताच खातं लिमिटच्या वर जातं, दंड लागतो, चेक परत जातात. सलग 90 दिवस वर राहिलं, किंवा तेवढ्या काळात जमा झालेली रक्कम व्याजाइतकीही नसली, तर खातं एनपीए (बुडीत धरलेलं कर्ज) होतं. लिमिट कमी करायचं असेल तर नूतनीकरणाच्या वेळी बँकेला लेखी कळवून टप्प्याटप्प्याने खाली आणा. नाहीतर भरलेले पैसे पुन्हा उचलले जातात.

भरणं अशक्यच झालं तर

बँक ‘सेटलमेंट’ देऊ करेल. त्यात रक्कम कमी होते, पण सिबिलमध्ये ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ लिहिलं जातं आणि पुढे घरकर्ज अडतं. आधी हप्ते पाडून मागा. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायला मनाई आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यासाठीचा क्रमांक 14448.

कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर, बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर झाला तर बँकेने दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायचे असतात. नो ड्यूज पत्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

आमच्याकडे हिशेब मांडायला येताना प्रत्येक कार्डाची शेवटची तीन बिलं, ओडी खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, ओडीचं मंजुरीपत्र आणि चालू हप्त्यांची यादी आणा. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी आम्ही मागत नाही.