पावकी, आणे आणि छेद : प्रौढांच्या अपूर्णांकांमागचा इतिहास

‘चाळीस रुपये पाव, तर पाऊण किलोचे किती?’ असं तोंडी विचारलं की बाजारात बसणारी बाई लगेच १२० म्हणते. तोच हिशोब पाटीवर १६० × ३/४ असा मांडला की तीच बाई पेन्सिल खाली ठेवते. प्रौढांच्या वर्गात शिकवणाऱ्याला हे रोज दिसतं, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘अपूर्णांक येत नाहीत’ असा लावला जातो. खरं तर अपूर्णांक येतात, फक्त ते वेगळ्या घराण्याचे आहेत. तोंडातला अपूर्णांक आणि पाटीवरचा अपूर्णांक यांची मराठीत ताटातूट कशी झाली, हे माहीत असेल तर सराव कुठून सुरू करायचा तेही कळतं.

तोंडातलं घराणं जुनं आहे. पाव म्हणजे संस्कृत पाद, चौथा भाग. सव्वा म्हणजे सपाद, पावसहित. पाऊण म्हणजे पादोन, पाव उणे. साडे हे सार्ध. अडीच आणि औट यांची घडण मजेची आहे: अर्धतृतीय, म्हणजे तिसरा ज्यात अर्धाच आहे, तो अडीच, अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा, तो औट, साडेतीन. याच शब्दांवर पाढे उभे राहिले: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पंतोजींच्या शाळेत हे पाठ करून घेत, कारण त्याशिवाय दुकान चालत नसे. (दिडकी नावाचं नाणंही होतं. पाढा विसरला, नाणं गेलं, भांगेच्या म्हणीत तेवढी ती उरली आहे.)

लिहिण्याची रीतही याच घडणीची. वह्यांमध्ये पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. यात छेद कुठेच लिहिलेला नाही, कारण तो ठरलेलाच असे: चार. त्याहून बारीक हवं असेल तर प्रत्येक पावाचे पुन्हा चार, म्हणजे सोळा. रुपयाचे आणे सोळा. शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक, त्याचा अर्धा छटाक, म्हणजे सोळावा भाग. नवटाक हा शब्द आता फक्त देशी दारूच्या गुत्त्यावर जिवंत आहे, पण जिथे जिवंत आहे तिथे त्याचं माप कोणी चुकत नाही.

हे पाढे हौसेचे नव्हते. मणाचे शेर ४०, रुपयाचे आणे १६. ४० भागिले १६ म्हणजे अडीच. म्हणून रुपयाला मण असेल तर आण्याला अडीच शेर, आणि सात आण्यांना अडीचकीतले सात, साडेसतरा शेर. पायरी एकच. आज कॅल्क्युलेटरवर याला दोन क्रिया लागतात.

निमं-निमं करत जाणाऱ्या या पद्धतीला तिसरा भाग मात्र कधीच नीट पचला नाही. दोन तृतीयांशाला बाजारी मराठीत स्वतःचा शब्द नाही. ‘तीन हिश्शांतले दोन’ असं फोडून सांगावं लागतं. पैशात त्याची सोय एका ठिकाणी होती. आण्याचे बारा पै, म्हणून रुपयाचे १९२ पै, आणि १९२ ला तीनने नि:शेष भाग जातो. रुपयाचा तिसरा हिस्सा म्हणजे बरोबर पाच आणे चार पै, शिल्लक काही नाही.

पाटीवरचं घराणंही परकं नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अपूर्णांकांच्या आठही क्रिया आहेत. पुढे १२०७ मध्ये त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. ‘लीलावती’तलं एक उदाहरण प्रौढांच्या वर्गात आजही रंगतं. एका कंजुषाने याचकाला दिलं काय? द्रम्म या नाण्याच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाचा सोळावा भाग, आणि त्याचाही पाव. अंशांचा गुणाकार ६, छेदांचा ७६८०, म्हणजे १/१२८०. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०. दान झालं एक कवडी! इथे छेद काहीही असू शकतो, पाच सुद्धा. हा पंडितांचा अपूर्णांक. वर अंश, खाली छेद असा तो लिहिला जाई, मधली आडवी रेघ नंतरची.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत जॉर्ज जार्व्हिस या ब्रिटिश अधिकाऱ्याने शास्त्र्यांच्या मदतीने मराठीत गणिताची पुस्तकं सिद्ध केली. त्या परंपरेतून शाळेत व्यवहारी अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक अशी जोडी स्थिरावली. नाव ‘व्यवहारी’ असलं तरी व्यवहार मात्र रेघांच्या वहीतच चालू राहिला.

मग १ एप्रिल १९५७ आला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ ला गळला. मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात बंधनकारक झाली. चार आणे, आठ आणे, बारा आणे सुखरूप २५, ५०, ७५ झाले. बाकीच्यांची पंचाईत झाली. आणा ६.२५ पैशांचा, तक्त्यात तो ६ धरला, दोन आणे १२, तीन आणे १९. एकेका आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे, एकदम घेतल्या तर २५. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनाही समोरचा लबाड वाटावा अशी ही पूर्णांकनाची चूक. रुपयाचा तिसरा हिस्सा तर कायमचाच गेला: ३३ पैसे तिघांना, एक पैसा ताटात.

पाव, निम, पाऊण टिकले, कारण २५०, ५००, ७५० ग्रॅममध्ये ते बसले. आणे, पै, छटाक गेले आणि त्यांच्याबरोबर आठवा-सोळावा भाग रोजच्या वापरातून उठला. सोळाची सावली महसुलात तेवढी राहिली: हिश्शाची आणेवारी, आणि पिकाच्या आणेवारीची पुढे झालेली पैसेवारी, जिच्यात ५० पैशांखालचं गाव टंचाईत मोजलं जातं.

प्रौढ शिक्षणाने ही तुटलेली पायरी जोडायला हवी होती. तसं झालं नाही. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा भर अक्षरओळखीवर होता आणि त्या काळी ते योग्यही होतं. पण १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशनने अंकज्ञानाचे निकष ठरवले तेव्हा ते स्पष्टच लिहिलं गेलं: शंभरपर्यंत आकडे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार, आणि प्रमाण व व्याजाची थोडी कल्पना, अपूर्णांक वगळून. आमच्या मते हा निकष उलटा होता. ज्या माणसाला पाव-पाऊण येतं त्याला तेच वगळून ८३ × १७ करायला लावलं. जे येत होतं ते शाळेबाहेर राहिलं, आणि ‘आपल्याला गणित येत नाही’ हा समज वर्गातून पक्का होऊन बाहेर पडला. २०२२ पासूनच्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढचे जे शिकणारे येतात, त्यांच्यापुढे हा वारसा आहे.

आता सरावातल्या चुका पाहिल्या की त्या कुठून आल्या ते ओळखता येतं.

सगळ्यात हट्टी चूक: १/२ + १/३ = २/५. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. हा मूर्खपणा नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकात २० पैकी १२ आणि २५ पैकी १५ यांची बेरीज ४५ पैकी २७ अशीच होते, आणि ती बरोबर असते. तिथे ‘पैकी’ दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. इथे दोन्ही भाग एकाच भाकरीचे. नियम सांगण्याआधी एवढंच विचारावं: अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर अर्ध्याहून कमी कसं झालं? २/५ अर्ध्याहून लहान आहे, हे दिसलं की चूक शिकणाराच खोडतो.

मग २४ सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्यावी. अर्धी १२, तिसरा भाग ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३. १२ आणि ८ मिळून २०. चार-चारचे तुकडे पाडले तर पाच, म्हणजे ५/६. समच्छेद म्हणजे दोन्ही लांब्या ज्या तुकड्याने पुऱ्या मोजल्या जातात तो तुकडा. पूर्ण पट्टीत असे तुकडे किती, इथे सहा, तो छेदांचा लसावि. २४ मुद्दाम घेतले आहेत. १० सेंटिमीटरची पट्टी तिसऱ्या भागाला अडते, पैशासारखीच. पाचवा भाग २४ वर बसत नाही, त्यासाठी घड्याळ: ६० मिनिटांचा तिसरा भाग २०, पाचवा १२. दशमानाने नेलेला तिसरा हिस्सा प्रौढाला घड्याळात परत सापडतो.

दुसरी चूक साठ आणि शंभर यांच्या गोंधळाची, आणि ती थेट खिशाला लागते. साडेतीन तास घड्याळात ३.३० लिहितात. ताशी ८० रुपयांनी मजुरी काढताना मोबाइलवर ३.३० × ८० केलं की २६४ येतात. खरे २८०. सोळा रुपये गेले. सातबाऱ्यावर १.०५ म्हणजे एक हेक्टर पाच आर, तिथे ठिपका चालतो, कारण हेक्टरचे आर शंभर. १ किलो ५० ग्रॅम मात्र १.५ नव्हे, १.०५०. ठिपका देण्याआधी एककाचे भाग किती, हे विचारण्याची सवय लावली की यातल्या बऱ्याच चुका थांबतात.

तिसरी चूक शब्दातून येते. पावणेदोन ऐकून २.७५ लिहिलं जातं, कारण ‘दोन’ कानावर पडलेला असतो. सव्वा पुढे नेतो, पावणे मागे ओढतो. पावणेतीनशे २७५, सव्वातीनशे ३२५. दीड आणि अडीच अपवाद, साडे तीनपासूनच. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला ४॥।, ४ ३/४ आणि ४.७५ अशी तिन्ही रूपं लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या जुळवायला दिल्या तर तासाभरात हे बसतं. जुन्या रेघा इथे शोभेला नाहीत. तीन रेघा म्हणजे तीन पाव, हे ३/४ पेक्षा त्यांतून लवकर दिसतं.

गुणाकाराला मराठीत आयती खूण आहे: चा-ची-चे. अर्ध्याचा पाव म्हणजे १/२ × १/४, आठवा भाग, नवटाक. दीड पाव म्हणजे ३/२ × १/४ = ३/८, ३७५ ग्रॅम. भागाकाराला ‘उलटा करून गुणा’ हे शेवटी सांगावं. आधी अडीच किलोत पावाच्या पुड्या किती, असं विचारावं. दहा हे उत्तर तोंडी आल्यावर ५/२ ÷ १/४ लिहावं, मग ५/२ × ४. उत्तर आधी माहीत असलं की नियम त्याला जुळतो का हे शिकणारा स्वतः तपासतो. नियम आधी दिला तर तो कोणता अपूर्णांक उलटा करायचा तेवढंच विसरतो, आणि हमखास पहिला उलटा करतो.

शेवटी जमीन घ्यावी, कारण तिथे तिसरा भाग टाळता येत नाही. सव्वा एकर म्हणजे ५० गुंठे, भाऊ तीन. मोबाइल १६.६६६ दाखवतो, मोजणीला साखळी धरायची तर सोळा गुंठे आणि वर गुंठ्याचे दोन तृतीयांश. वाटणीपत्रावर १६.६७ तीनदा लिहिलं तर बेरीज ५०.०१ होते, १६.६६ लिहिलं तर ४९.९८. १६ २/३ तीनदा लिहिलं तर पन्नास.