थोमा म्हणजे जुळा

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘डाउटिंग थॉमस’ म्हणतात, म्हणजे संशयी थॉमस. हा थॉमस येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, मराठी बायबलातला थोमा. योहानाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात त्याची गोष्ट येते. क्रुसावर मरण पावलेला येशू पुन्हा जिवंत होऊन शिष्यांना भेटला, तेव्हा थोमा तिथे नव्हता. इतरांचं सांगणं त्याने मानलं नाही. हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहीन, त्यांत बोट घालीन, कुशीत हात घालीन, तरच विश्वास ठेवीन, असं तो म्हणाला. आठ दिवसांनी येशू त्याच्यापुढे उभा राहिला. कॅराव्हाज्योच्या प्रसिद्ध चित्रात थोमाचं बोट जखमेत शिरलेलं दिसतं. योहानाने मात्र त्याने हात लावल्याचं कुठेच लिहिलेलं नाही.

मला यात थोमावर अन्याय झालेला दिसतो. इतर शिष्यांना येशूने हात आणि कूस आधीच दाखवली होती, थोमाने जवळपास तेवढंच मागितलं. शिवाय याच ग्रंथात, यहुदियात जिवाला धोका असताना ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असं म्हणणारा थोमाच आहे. भाषेने त्याचं धाडस विसरून संशय तेवढा जपला.

आणि मुळात ‘थोमा’ हेच टोपणनाव आहे! अरामी भाषेत त्याचा अर्थ जुळा. हिब्रूत ‘तेओम’, अरबीत ‘तौअम’, सगळे एकाच कुळातले शब्द. ग्रीक वाचकांसाठी योहान तीनदा सांगतो, ‘दिदुमस म्हटलेला थोमा’. दिदुमस म्हणजेही जुळाच. सिरियातल्या जुन्या परंपरेत त्याचं नाव यहूदा होतं. त्याचं जुळं भावंड कोण, हे बायबल सांगत नाही. (आपल्याकडे संस्कृतात ‘यम’ म्हणजे जुळा, यम आणि यमी ही जुळी भावंडं, आणि कवितेतलं यमकही त्याच शब्दाचं.) हाच थोमा इ.स. ५२ मध्ये मलबार किनाऱ्यावर उतरला, अशी केरळच्या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे.

त्याचं ग्रीक नाव ज्या शब्दाचं, तो शब्द पुढे रसायनशास्त्रात आला. १८४१ मध्ये स्वीडनच्या कार्ल मोसांडरला लँथेनमसोबत आढळणारं एक नवं मूलद्रव्य मिळालं, असं वाटलं. लँथेनमचा जुळा म्हणून त्याने नाव ठेवलं ‘डिडिमियम’. पण त्याच्या वर्णपटातल्या रेषांवरून काही रसायनतज्ज्ञांना शंका येऊ लागली, की हे एकच द्रव्य नसावं. १८८५ मध्ये व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने क्षारांचे स्फटिक पुन्हा पुन्हा बनवून, थोडे थोडे वेगळे काढत, ते दोन भागांत फोडलं. जुळा म्हणवणारं डिडिमियम स्वतःच दोघांची जोडी निघालं. एकाचे क्षार हिरवे, म्हणून त्याचं नाव प्रेझिओडिमियम, म्हणजे हिरवा जुळा. दुसरं निओडिमियम, नवा जुळा. अणुक्रमांक ५९ आणि ६०, अगदी शेजारी शेजारी.

१९८०च्या दशकात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्यापासून अतिशय शक्तिशाली चुंबक बनले. आज ते इअरफोनमध्ये असतात, पवनचक्क्यांतही. आणि काच फुंकणारे कारागीर ज्या चष्म्यातून भट्टीच्या ज्वाळेकडे बघतात, त्याच्या काचेत ही दोन्ही मूलद्रव्यं असतात. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा झगझगीत पिवळा प्रकाश ती शोषून घेतात, मग आतली काच स्पष्ट दिसते. या काचेला अजूनही डिडिमियम काचच म्हणतात.