राणी मेली की मुंगीचा मेंदू आक्रसतो

राणी ही जन्मापासूनच राणी असते असं आपण धरून चालतो. मधमाश्यांचं बऱ्यापैकी तसंच आहे, अळीला रॉयल जेली किती दिवस खायला मिळाली त्यावर राणी की कामकरी ते ठरतं. पण भारतात सापडणारी हार्पेग्नॅथोस सॅल्टेटर नावाची एक उड्या मारणारी मुंगी आहे, तिच्यात राणीपद चक्क भांडून मिळवता येतं.

राणी मेली की कामकरी मुंग्या एकमेकींना मिशांनी फटकावायला लागतात, तलवारबाजीच म्हणा ना, आणि हे कधीकधी ४० दिवस चालतं. त्यात ज्या टिकतात त्या अंडी घालायला लागतात, त्यांना म्हणायचं गॅमरगेट. बाहेरून दिसायला आहे तशीच, पण आत अंडाशय फुगतं, मेंदू साधारण २०-२५ टक्क्यांनी लहान होतो आणि जी जेमतेम ७ महिने जगली असती ती ४ वर्षांपर्यंत जगते! (आता शिकारीला जायचंच नाही तर एवढा खादाड मेंदू पोसायचा कशाला, असा हिशोब असावा.)

हे घडवणारं एक रसायन म्हणजे कोराझोनिन. शिकारी कामकरी मुंगीच्या मेंदूत ते भरपूर असतं, गॅमरगेट होताना कमी होतं. २०१७ च्या एका प्रयोगात बदलाच्या वाटेवरच्या मुंग्यांना ते टोचलं, तर त्या परत शिकारीच्या मागे लागल्या आणि अंड्यासाठी लागणारं व्हिटेलोजेनिन नावाचं प्रोटीन कमी झालं.

दुसरं डोपामाइन. भांडणाऱ्या मुंग्यांत ते वाढतं, पण बाकीच्यांनी एखादीला पकडून दाबून ठेवलं की झपाट्याने उतरतं, म्हणजे मार पडतो अंगावर आणि बदलतो मेंदू. मधमाश्यांची राणी तर हात न लावताच हे करते, तिच्या गंधात डोपामाइनसारखीच रचना असलेला एक पदार्थ असतो आणि तो कामकरी माश्यांची डोपामाइनची यंत्रणा दाबतो. राणी गेली की त्यांचं डोपामाइन वाढतं, काहींची अंडाशयं जागी होतात आणि त्या अंडी घालतात, अर्थात फलन न झालेली, त्यामुळे निघतात फक्त नर.

मला खरा धक्का बसला तो २०२१ च्या प्रयोगाने. काही गॅमरगेटना आठवडाभर नाही, कित्येक आठवडे एकटं ठेवलं आणि मग परत वसाहतीत सोडलं, तर बाकीच्यांनी त्यांना धरून दाबलं, अंडाशयं आक्रसली आणि गेलेला मेंदू परत वाढून कामकरी मुंगीएवढा झाला.