लेडीज डबा, हाफ तिकीट आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि एसटीचा सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, यांच्यात चालत दहा-एक मिनिटांचं अंतर. साठी ओलांडलेली बाई पुण्याला निघाली, तर सीबीएसवर तिला हाफ तिकीट मिळतं आणि स्टेशनवर पूर्ण. मार्च २०२० पर्यंत ५८ वर्षांवरच्या बायकांना रेल्वेतही निम्मं भाडं माफ होतं. करोनात ती सवलत थांबली ती थांबलीच. एसटीनं मात्र १७ मार्च २०२३ पासून वय न विचारता सगळ्याच बायकांना पन्नास टक्के सवलत दिली. त्यातही हद्दीची गोम आहे. कागलच्या पुढं कर्नाटक लागलं की महाराष्ट्राचं हाफ तिकीट संपतं. पलीकडं जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण तो कर्नाटकात राहणाऱ्यांना. निपाणीला माहेर आणि कोल्हापूरला सासर असलेल्या बाईला या दोन सरकारांचा हिशेब तोंडपाठ असतो.

ही तफावत कुणी ठरवून केलेली नाही. एसटीचा जाब मुंबई-नागपूरच्या विधिमंडळात विचारला जातो, रेल्वेचा दिल्लीत. रेल्वेची सवलत परत कधी सुरू होणार, हा प्रश्न संसदेत अनेकदा आला. उत्तराचा गाभा दर वेळी एकच: रेल्वे मुळात तोट्यात तिकीट विकते, त्यामुळं प्रत्येकच प्रवाशाला सवलत मिळते आहे. हा आकडा अलीकडच्या उत्तरांत सरासरी ४५-४६ टक्के असा सांगितला जातो. प्रश्न ठरावीक वयाच्या बायकांचा आणि उत्तर साऱ्या प्रवाशांचं, ही लकब आजची नाही. तिचा माग काढायचा तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

हिंदुस्थानात कायदेमंडळाच्या सभासदाला सरकारला प्रश्न विचारायचा हक्क १८९२ च्या कायद्यानं मिळाला. पहिला प्रश्न १८९३ साली अवधमधल्या भिंगा इथल्या राजांनी विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की वाटेवरच्या खेड्यांतल्या दुकानदारांना त्यांची रसद पुरवावी लागे, त्या जाचाबद्दल तो होता. म्हणजे आपल्याकडचा पहिलावहिला प्रश्नही प्रवासाचाच निघाला, फक्त साहेबांच्या प्रवासाचा. उत्तर मिळालं की विषय संपला, कारण उपप्रश्नाची, म्हणजे उत्तरावर पुन्हा विचारायची, सोय नव्हती. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांनाही. मंत्र्याची खरी पंचाईत उपप्रश्नातच होते. छापील उत्तर कचेरीत तयार होतं, उपप्रश्नाला स्वतः उभं राहावं लागतं.

बायकांच्या प्रवासाचा कायदा मात्र या साऱ्याच्या आधी आला. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमानं १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर अशा एका कप्प्याला शौचकूप हवं, असंही त्याच कलमात होतं. १८९१ सालीच मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. हे अंतर सुमारे तीस मैल. नुसत्या मिरज-कोल्हापूर फेरीला कायद्यानं शौचकूप सक्तीचं नव्हतं, असा त्याचा अर्थ. कुणा बाईनं मागितलं म्हणून हे कलम आलं नव्हतं. बायका परपुरुषांच्या शेजारी बसणार नाहीत आणि मग घरंच्या घरं प्रवासाला बाहेर पडणार नाहीत, हा विचार त्यामागं होता. त्यात समतेपेक्षा पडदा जास्त होता आणि गाडी भरायची निकडही. तरी परिणाम मोठा झाला. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर या स्टेशनांवर चढणाऱ्या बायका आजही डोळ्यांनी आधी लेडीज डबा शोधतात.

त्या काळातल्या कोल्हापूरला प्रश्नोत्तरांचं सभागृह नव्हतं. संस्थान होतं, दरबार होता, अर्ज होते आणि हुकूम होते. पण हुकूम कसले, तेही पाहा. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, विधवाविवाहाला कायद्याचं बळ दिलं, पुढं आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली. १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. घरातल्या छळाला आळा घालणारा दिवाणी कायदा देशाला मिळायला २००५ उजाडावं लागलं. संस्थानातल्या मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे होती, आणि त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर होऊन कोल्हापुरात आली. प्रश्न विचारायची सोय नसलेल्या राज्यानं बायकांना एवढं दिलं, आणि प्रश्न विचारायची सोय असलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात पहिली निवडून आलेली बाई, राधाबाई सुब्बरायन, १९३८ मध्ये पोचली. राजा भला असला की सभागृहाची उणीव भासत नाही. पुढचा राजा कसा निघेल, याची हमी मात्र कुणी देत नाही.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत इथून खासदार लोकसभेत गेले. तेव्हापासून कोल्हापूरच्या बाईची तक्रार रेल्वेमंत्र्यांपर्यंत पोचायला अधिकृत वाट झाली. ती वाट अरुंद आहे. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात, तेही चिठ्ठ्या टाकून. तारांकिताला तोंडी उत्तर, अतारांकिताला लेखी. प्रश्नोत्तरांच्या तासाभरात विसापैकी जेमतेम चार-सहा प्रश्न पुकारले जातात. बाकीच्यांची उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. मंत्रालयांचे पाच गट करून सोमवार ते शुक्रवार वाटलेले असतात, म्हणजे रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्याच वारी. प्रश्न साधारण दीडशे शब्दांत बसला पाहिजे आणि मुख्य म्हणजे तो केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. खासदारानं गगनबावड्याच्या मुक्कामी एसटीबद्दल विचारलं तर तो प्रश्न दाखलच व्हायचा नाही.

‘कुणाच्या अखत्यारीतला’ हीच बायकांच्या प्रवासाच्या प्रश्नाची जुनी अडचण. रेल्वेला मंत्री होता, स्वतंत्र अर्थसंकल्पही १९२४ पासून होता. बायकांसाठी मात्र खातंच नव्हतं. फुलरेणू गुहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं १९७४ मध्ये अहवाल दिला आणि स्वातंत्र्यानंतरही बायकांची गत किती बिकट आहे ते सरकारच्याच कागदावर आलं. महिला व बालविकासाचा वेगळा विभाग १९८५ ला झाला, तोही मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या पोटात. राष्ट्रीय महिला आयोग १९९२ चा, बायकांच्या सक्षमीकरणाची संसदीय समिती १९९७ ची, स्वतंत्र मंत्रालय २००६ चं. तोपर्यंत लेडीज डब्याबद्दल विचारलं की रेल्वेमंत्री ‘प्रवासी सोयी’ या मथळ्याखाली उत्तर देत. पंखे, पाणी, प्रतीक्षालय आणि बायका एकाच रकान्यात.

ज्या विलायतेकडून ही पद्धत आपण घेतली, तिथंही याहून फार वेगळं नाही. ब्रिटिश संसदेत वाहतूक खात्याच्या प्रश्नांची स्वतंत्र पाळी असते. महिला आणि समता या विषयाला बुधवारी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांआधीचा अर्धा तास मिळतो, आणि उत्तर देणाऱ्या मंत्र्याकडे बहुधा दुसरं एखादं मोठं खातंही असतं. हे दोन्ही विषय एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्याचं नामी उदाहरण बार्बरा कॅसल यांचं. १९६५ ते ६८ त्या वाहतूकमंत्री होत्या. स्वतःकडे गाडी चालवायचा परवाना नसताना त्यांनी दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांच्या श्वासतपासणीचा कायदा रेटला. पुढं रोजगारमंत्री झाल्यावर डॅगनमच्या फोर्ड कारखान्यातल्या शिलाई कामगार बायकांचा १९६८ चा संप त्यांच्यासमोर आला, आणि १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला.

आपल्याकडं वाहतुकीतल्या समतेचा मोठा निकाल लागला तो कोर्टात. एअर इंडियाच्या नियमांत हवाई सुंदरीनं पस्तिशीत निवृत्त व्हावं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी जावं आणि पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी, असं लिहिलेलं होतं. नर्गेश मिर्झा आणि सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र राखली, हेही विसरायला नको. एअर इंडिया सरकारी कंपनी होती, म्हणजे नागरी विमान वाहतूक मंत्र्याला संसदेत याबद्दल कधीही उभं करता आलं असतं. कोर्टाला जे करावं लागलं ते सभागृहाला आधी जमायला हवं होतं, असं माझं मत आहे.

रेल्वेत बदल आला तो इंजिनातून. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक म्हणून लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची नोंद झाली. मुंबईत पश्चिम रेल्वेची चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ पासून धावू लागली होती. मध्य रेल्वेची अशी गाडी पुढं यादवांनी चालवली, नंतर डेक्कन क्वीन आणि २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारतही. पण इंजिनात बाई आली तरी इंजिनात स्वच्छतागृह नव्हतं. बायका तासन् तास पाणी न पिता गाडी चालवत आल्या. संसदेत हा विषय निघू लागला आणि गेल्या काही वर्षांत इंजिनांत स्वच्छतागृहं बसवायला सुरुवात झाली. १८९१ मध्ये पन्नास मैलांच्या पुढं प्रवास करणाऱ्या बाईला जे कायद्यानं मिळालं होतं, ते गाडी हाकणाऱ्या बाईला मिळायला सव्वाशे वर्षं जावी लागली. प्रवासी बाईची कल्पना कायद्याला करता आली, कामावरच्या बाईची आली नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बसमध्ये जे घडलं त्यानंतर सभागृहातल्या प्रश्नांचा सूर बदलला. त्याआधी सवलती, बर्थ, डबे. त्यानंतर सुरक्षा. २०१३ ला निर्भया निधी आला, २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांत पॅनिक बटण आणि ठावठिकाणा सांगणारं यंत्र सक्तीचं झालं. रेल्वे सुरक्षा दलाची ‘मेरी सहेली’ पथकं २०२० ची. उत्तरांच्या या यादीबरोबर एक वाक्य हटकून येतं: पोलीस हा राज्यांचा विषय आहे, रेल्वेतले गुन्हे नोंदवणं आणि तपासणं हे राज्याच्या लोहमार्ग पोलिसांचं काम. वाक्य राज्यघटनेला धरून आहे, खोटं नाही. पण मिरज जंक्शनवर रात्री साडेअकराला उतरणाऱ्या नर्सला त्याचा काय उपयोग? तिच्या डब्याचा मालक दिल्लीत आणि पोलिसाचा मुंबईत.

मुंबईत विचारावं तर तिथल्या प्रश्नाचा साचा आणखी जुन्या वळणाचा. ‘सन्माननीय परिवहन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग (१) अमुक तालुक्यात मुलींच्या शाळेच्या वेळेची एसटी बंद झाली, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) फेऱ्या नियमित सुरू आहेत. (३) प्रश्न उद्भवत नाही. हा मासला माझा, पण विधिमंडळाची प्रश्नोत्तरं चाळणाऱ्याला तो परका वाटणार नाही. तरीही मी या कागदांना हसत नाही. ‘अंशतः खरे’ हे मंत्र्याच्या सहीचं असतं. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना, देशातलं पहिलं म्हणून गाजलेलं राज्याचं १९९४ चं महिला धोरण, या गोष्टी सभागृहातल्या अशाच रेट्यानं जाग्या राहिल्या. उत्तरात मंत्र्यानं ‘करू’ म्हटलं तर त्याचाही माग ठेवता येतो. लोकसभेनं त्यासाठी १९५३ पासून आश्वासन समिती ठेवली आहे आणि तीन महिन्यांत शब्द पुरा व्हावा, अशी अपेक्षा असते. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाच्या उत्तरांचा गठ्ठा पाहिला तर अपेक्षा आणि पूर्तता यांत किती डोंगर आहेत ते कळतं. सह्याद्री तर आहेच.

बायका स्वतः प्रश्न विचारायला किती? आपल्या जिल्ह्यातून निवेदिता माने १९९९ आणि २००४ मध्ये इचलकरंजीतून लोकसभेवर गेल्या. २०२४ च्या लोकसभेत देशभरातून ७४ जणी निवडून आल्या. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये मांडलं गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं, अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधलेली.

खाली महापालिकेत तर निम्म्या जागा बायकांच्या. आणि केएमटी, म्हणजे शहराची बससेवा, महापालिकेची. भाजीची पाटी घेऊन सकाळी चढणाऱ्या मावशी, कॉलेजच्या मुली, घरकामाला उपनगरांत जाणाऱ्या बायका या शहरात सर्वांत जास्त जिच्यावर विसंबून असतात ती हीच बस. तिच्याबद्दल ना खासदार संसदेत विचारू शकतो, ना तो प्रश्न परिवहन मंत्र्यांच्या टेबलावर सरळ जातो. तो जायला हवा महापालिकेच्या सभेत. त्या सभेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं शहराचा कारभार प्रशासकानं पाहिला. त्या काळात केएमटीची एखादी फेरी कमी झाली तर बाईनं निवेदन द्यायचं, पोच घ्यायची आणि वाट बघायची. संस्थानच्या काळात अर्ज असाच जायचा.