पाडकामाआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी: ब्रिटनमधल्या नियमामागचा इतिहास

ब्रिटनमध्ये २००० सालापूर्वी बांधलेली शाळा, दुकान किंवा कचेरी पाडायची असेल किंवा आतून नव्याने करायची असेल, तर आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करावी लागते. ॲस्बेस्टॉस म्हणजे बारीक धाग्यांचं एक खनिज; त्याचे धागे श्वासात गेले की फुफ्फुसाचे आजार होतात. ही वरवरची पाहणी नसते. त्या भागातली माणसं बाहेर काढतात, फरशा उखडतात, फॉल्स सीलिंग उतरवतात, भिंतीवरचे तक्ते फोडून मागे काय आहे ते पाहतात. संशय येईल त्या प्रत्येक वस्तूचा तुकडा प्रयोगशाळेत जातो. जिथे पोहोचताच आलं नाही, तिथे ॲस्बेस्टॉस आहेच असं धरून चालायचं. नियम इतका कडक व्हायला त्या देशाला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली, आणि त्या उशिराची किंमत मुख्यतः सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांनी मोजली.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केरशॉ ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी ती वारली. कंपनीने तिला भरपाई दिली नाही. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिच्या आजाराबद्दल लिहिलं. पुढे मेरेवेदर आणि प्राइस या सरकारी कारखाना निरीक्षकांनी चौकशी केली. १९३०च्या त्यांच्या अहवालात तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांची फुफ्फुसं आजाराने कडक झालेली आढळली. १९३१ मध्ये नियम आले: धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवा, कामगारांची वैद्यकीय तपासणी करा.

त्या काळासाठी हे मोठं पाऊल होतं. पण नियम कारखान्यातल्या ठरावीक कामांपुरतेच होते. तिथून बाहेर पडलेला माल कोण कापतो, कोण भोक पाडतो, कोण तोडतो, याची दखल त्यात नव्हती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी चूक हीच.

कारण दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला भराभर बांधायचं होतं. शाळा, इस्पितळं, सरकारी घरं. ॲस्बेस्टॉस स्वस्त, आगीला न जुमानणारा. बॉयलर आणि पाइपांवर त्याचं वेष्टण चढलं, लोखंडी तुळयांवर फवारा मारला गेला, छताला आणि पार्टिशनला त्याचे तक्ते लागले, फरशीच्या टाइल्समध्ये आणि छताच्या सिमेंट पत्र्यांतही तो मिसळला. सुतार हे तक्ते साध्या करवतीने कापायचे. त्या भुश्शात काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

१९६० मध्ये वॅग्नर या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातल्या मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मेसोथेलिओमा म्हणजे मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. १९६५ मध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी लंडनमध्ये तेच पाहिलं. त्यांच्या रुग्णांपैकी काहींनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. कोणी शेजारी राहत होतं, कोणाच्या घरचं माणूस तिथे कामाला होतं. तरीही ॲस्बेस्टॉसच्या निळ्या आणि तपकिरी जातींवर कायद्याने बंदी यायला १९८५ उजाडलं, आणि पांढऱ्या जातीवर १९९९.

तोवर १९९५ मध्ये ज्युलियन पेटो हे साथरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची आकडेवारी व्यवसायानुसार लावून दाखवली होती: सर्वाधिक धोक्याच्या गटांत बांधकामावरचे कारागीर ठळकपणे दिसत होते. पेटो यांच्याच २००९च्या अभ्यासानुसार, १९४०च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीच्या आत दहाहून अधिक वर्षं सुतारकाम केलेल्या ब्रिटिश सुतारांपैकी १७ जणांमागे एकाला मेसोथेलिओमा होण्याचा धोका होता. श्वासात धागे गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा तीस-चाळीस वर्षं जातात, म्हणून ही माणसं तरुणपणी धडधाकटच दिसत राहिली.

बंदीने नवा माल थांबला, भिंतींतला तसाच राहिला. २००२च्या नियमांनी, आणि हे कलम २००४ पासून लागू झालं, इमारत सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली: आपल्या इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधा, लिहून ठेवा, काम करायला येणाऱ्याला सांगा. पूर्वी ते ओळखण्याचं ओझं हातात ड्रिल घेतलेल्या माणसावर होतं. तपासणीचे आधी तीन प्रकार होते. २०१०च्या मार्गदर्शिकेने दोनच ठेवले: वापरातल्या इमारतीच्या देखभालीसाठी एक, आणि मोठ्या दुरुस्तीआधी किंवा पाडण्याआधी सगळं उघडून पाहणारा दुसरा. पहिल्याच्या अहवालावर दुसऱ्याचं काम भागत नाही. आज २०१२चे नियम लागू आहेत. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला देखभालीच्या त्या जबाबदारीतून सूट असली, तरी घरात तोडफोड करणाऱ्या कंत्राटदाराला नाही.

कागदावरच्या नियमाला धार आली ती शिक्षांमुळे. रेडिंगमधल्या दुकानाच्या नूतनीकरणात ॲस्बेस्टॉसबाबत पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल मार्क्स अँड स्पेन्सरला २०११ मध्ये १० लाख पौंडांचा दंड झाला.

या इतिहासाचं एक टोक मुंबईत आहे. रॉचडेलच्या त्या कंपनीतून पुढे उभ्या राहिलेल्या टर्नर अँड न्यूअल समूहाची घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी ॲस्बेस्टॉसची ब्रेक लायनिंग बनवायची, तर मुलुंडच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे बनायचे. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आजही सरसकट बंदी नाही, तो आयात होतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करून भरपाईचा आदेश दिला, पण तो निकालही कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांबद्दल होता.

इकडे मुंबई-पुण्यात जुन्या इमारती आणि चाळी रोज पाडल्या जात आहेत. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा शाबूत पत्रा फारसे धागे सोडत नाही. तोच पत्रा घणाने फोडला की सोडतो, आणि तोडणारा मजूर तोंडाला फार तर रुमाल बांधतो. पुनर्विकासाच्या करारात भाडं, कॉर्पस फंड, पार्किंग यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. गच्चीवरचे पत्रे, जुने पाइप आणि पाण्याच्या टाक्या कोण तपासणार, त्याचा खर्च कोण देणार आणि पत्रे न फोडता उतरवायला किती दिवस लागतील, हे सोसायटीने त्याच बैठकांत बिल्डरकडून लिहून घ्यायला हवं.