माळ्यावरचे रुमाल: गोव्यातल्या कापूस पेढ्यांच्या पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

गोव्यात कापूस पिकत नाही. तरीही इथल्या जुन्या व्यापारी घरांच्या माळ्यावरून उतरवलेल्या रुमालांत (कागदांच्या कापडी बासनांत) रुईचे भाव, गाठींचे नंबर आणि हुबळी-गदगची नावे दिसली तर नवल वाटायला नको. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे उभी राहिली. १८८८ पर्यंत ती घाटमाथ्यावर पोचली. या खर्चामागे जी आशा होती तीत धारवाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला मोठी जागा होती. त्याआधी तो कापूस गाडी-बैलांवरून कुमट्याच्या बंदरात उतरे, म्हणून बाजारात त्या जातीला 'कुमटा' हेच नाव पडले.

रेल्वेचा एक फायदा पत्रांत पुन्हा पुन्हा येऊ शकतो. हुबळी ते मुरगाव सलग मीटरगेज होते. मुंबईला माल पाठवायचा तर पुण्याला मीटरगेजच्या वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरावा लागे. तिथे गाठी फाटत, पट्ट्या तुटत, पावसात भिजत. मुरगावच्या वाटेवर ही चढ-उतार नव्हती, पण सरहद्द होती: कॅसलरॉकला हिंदुस्थानची जकात तपासणी, खाली कुळ्याला पोर्तुगीजांची. कागदात एक आकडा चुकला की वाघीण अडकून राही आणि तिचे भाडे चढत जाई. म्हणून मालापेक्षा पत्र आधी पोचणे महत्त्वाचे असे.

पेढी घरचीच असल्याने लिहिणारे-वाचणारे बहुधा नात्यातले: एक भाऊ खरेदीच्या पेठेत, एक मडगावला वह्या सांभाळणारा, पुतण्या मुंबईत आडत्याकडे. कागदाच्या माथ्यावर 'श्री मंगेश प्रसन्न' किंवा 'श्री शांतादुर्गा प्रसन्न'. त्याखाली वडीलधाऱ्याला 'ती. दादांस शि. सा. नमस्कार वि. वि.', धाकट्याला 'चि. … यास अनेक उत्तम आशीर्वाद', बाहेरच्या व्यापाऱ्याला 'रा. रा. … यांसी स. न. वि. वि.' सहीत नुसते पाळण्यातले नाव असले तरी या मायन्यावरून कोण थोरला आणि कोण परका हे ठरवता येते. कागद लावताना सर्वांत आधी मायन्यांची यादी करावी, हे त्यासाठीच.

मायन्यानंतरचे पहिले वाक्य ठरलेले: 'आपले ता. अमुकचे पत्र व तार पावली.' ही पोच म्हणजे हिशेबाचा भाग होती. पोच नाही म्हणजे पत्र वाटेत राहिले, आणि त्यातला सौदा उद्या कोणी नाकारू शकतो. पुढे आजचा सौदा, रवाना केलेला माल, हुंडीचा (पैसे देण्याच्या लेखी आदेशाचा) तपशील, बाजाराची हवा, आणि सर्वांत शेवटी घरची खबर. बाजाराच्या ओळीत 'हाजर' (लगेच मिळणाऱ्या मालाचा) आणि 'वायदा' (पुढच्या तारखेच्या सौद्याचा) हे दोन भाव वेगळे दिलेले असतात. नवखा वाचक ते एकच समजतो आणि पेढीला नफा झाला की तोटा याचा उलटा अर्थ काढतो.

गोव्याच्या कागदांचे एक वैशिष्ट्य दुर्लक्षून चालणार नाही. १८८८ चा पोर्तुगीज व्यापारी कायदा पुढे वसाहतींनाही लागू झाला. त्याने व्यापाऱ्याला ठेवायला लावलेल्या वह्यांत रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंदाबरोबर 'कॉपियादोर' होती, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या नकलांची वही. घरात साधारणपणे आलेलीच पत्रे उरतात; आपण काय लिहिले ते समोरच्याच्या घरी जाते. जिथे कॉपियादोर टिकली आहे तिथे दोन्ही बाजू हाती लागतात. माळा साफ करताना ही वही पुसट जांभळी रद्दी म्हणून सर्वांत आधी फेकली जाते. यासारखे नुकसान नाही.

तिची रीत अशी. पत्र खास नकलेच्या शाईने किंवा नकलेच्या पेन्सिलीने लिहायचे. वहीचे पान अतिशय पातळ, पारदर्शक. ते ओल्या फडक्याने दमट करायचे, लिहिलेली बाजू त्याला भिडेल असे पत्र आत ठेवायचे, मागेपुढे तेलकट कागद घालून ओल अडवायची आणि वही लोखंडी दाबयंत्रात पिळायची. पानाच्या भिडलेल्या बाजूवर अक्षरे उलटी उमटतात. पान पलटून पलीकडून पाहिले की सुलटी. पाणी जास्त झाले तर अक्षर फुटते, कमी झाले तर उमटतच नाही. कोरड्या पानावर अर्धवट उमटलेले मोडी वाचणे फार कठीण जाते. पुढे टंकलेखन आणि कार्बन कागद आले, पण मोडीतली पत्रे हातानेच चालू राहिली.

तार शब्दांवर आकारली जाई, म्हणून ठरावीक वाक्यांना एकेक सांकेतिक शब्द नेमलेला असे. छापील संकेतकोशांत बेंटलेचा कोश सर्वांना माहीत होता. शिवाय पेढीचा घरगुती संकेत असे. एक अक्षर चुकले तर 'घ्या'चे 'विका' होई. त्यामुळे त्याच दिवशी तारेचा मजकूर फोडून सांगणारे पत्र टाकण्याची रीत होती. तारा आणि पत्रे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत टाकली की ही जोडी तुटते आणि तार कायमची मुकी होते.

वजन-मापात सर्वांत जास्त चुका होतात. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी म्हणजे २८ पौंडी २८ मण, म्हणजे ७८४ पौंड, आजच्या मापात सुमारे ३५५.६ किलो. गाठ ३९२ पौंडांची, दोन गाठींची खंडी. पण त्याच घराच्या शेताच्या हिशेबात खंडी म्हणजे भाताची, २० कुडवांची. एकाच वहीत दोन्ही येतात. भाव रुपये-आण्यांत, आकड्यापुढची एक उभी रेघ पाव रुपया, दोन अर्धा, तीन पाऊण. गोव्याचा 'रुपिया' १६ टांगांचा, हिंदुस्थानच्या रुपयाच्या बरोबरीचा, म्हणून १९५७ पर्यंत दोन्हीकडचे हिशेब सहज जुळतात. १ एप्रिल १९५७ ला भारताने १०० नवे पैसे आणले. गोव्यात मात्र टांगाच राहिला. मुंबईहून ५.७५ असे येई, मडगावात ते ५ रुपिया १२ टांगा असे चढे. मग १९५८-५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला ६ या दराने. त्या वर्षांतल्या आकड्याला चलन लिहिलेले नसेल तर तो बेरजेत घेऊ नये.

तारखांचेही तसेच. मराठी पत्रावर शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवावे, जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत ७९. गुजराती आडत्याचा संवत दिवाळीनंतर बदलतो: डिसेंबरअखेर ५७ वजा, नंतर ५६. मारवाडी पेढीचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांची कार्तिक वद्य तिथी ही आपली आश्विन वद्य. उत्तर पत्राच्या आधी गेलेले दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच.

पत्रांचा खरा जीव तक्रारींत आहे. वजन वाढवायला रुईवर पाणी मारणे, चांगल्या जातीत हलकी मिसळणे, गाठीच्या पोटात कवडी (न उमललेल्या, डागी बोंडांची रुई) आणि पत्तीचा (पानांचा चुरा असलेला) माल दडपणे, हे तिन्ही दोष जुने. पाण्याने वजन तर फसवेच, वर आत रुई पिवळी पडून रेषा कमजोर होई. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढणे आणि गाठी दाबणे) कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. तेव्हापासून तक्रारीचे पत्र नंबरांनीच सुरू होते, कारण नंबराशिवाय दोष कोणत्या प्रेसचा हे सिद्ध होत नसे. मुंबईचा वाद १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या सर्व्हेसमोर जाई. तिथे नमुना पाहून खंडीमागे किती सूट द्यायची ते ठरे.

पैसा हुंडीने फिरे. दर्शनी हुंडी दाखवताच, मुदती ठरल्या दिवसांनी. रक्कम कोणी वाढवू नये म्हणून 'रुपये १००० अक्षरी एक हजार, निमे पाचशे याचे दुप्पट' असे लिहीत. हुंडी हरवली तर पेठ (तिची दुसरी प्रत), तीही हरवली तर परपेठ (तिसरी). एकाच रकमेचे तीन कागद सापडले म्हणजे तीनदा पैसे दिले असे नव्हे. फेडलेली हुंडी म्हणजे 'खोका'; तो वेगळा ठेवत.

राजकारण या पत्रांत उघड लिहिलेले क्वचित, पण भाव आणि वाट यांतून ते येते. १९४७ च्या फाळणीत सिंध-पंजाबचा लांब रेषेचा कापूस सीमेपलीकडे गेला. १९५१ मध्ये एम. अँड एस. एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) रेल्वेच्या पावत्या जाऊन सदर्न रेल्वेच्या आल्या. १९५४ पासून भारताने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले आणि १९५५ च्या सत्याग्रहानंतर रेल्वेची ये-जा बंद झाली. हुबळीच्या गाठींना मुरगावची वाट उरली नाही. या वर्षांतले कागद लावताना रेल्वे पावत्या कोणत्या तारखेला थांबतात ते आधी पाहावे. पेढीने धंदा बदलला की नुसती वाट बदलली, हे तिथून उलगडते.

कागद हाताळताना गंजलेल्या टाचण्या प्रथम काढाव्यात, पाकीट पत्रापासून वेगळे करू नये, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन पूर्ण टाळावे. नकलेची शाई पाण्यात विरघळते. ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे पत्र घालवणे. पावसाळ्यात गठ्ठे उघडू नयेत. कॉपियादोरचे छायाचित्र घेताना प्रत्येक पानामागे पांढरा कोरा कागद सरकवावा, नाहीतर पुढच्या पानाची अक्षरे मिसळतात. मोडी वाचणारा मिळेपर्यंत मूळ क्रम हलवू नये, आणि घरी ठेवणे शक्य नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे विचारावे.