मुखशोषावरील मूल पेशी उपचार

तोंड सतत कोरडे वाटणे म्हणजे मुखशोष. जाणीव आणि मोजमाप वेगळे: स्वस्थ बसून मिनिटाला ०.१ मिलि.पर्यंतच लाळ जमली, तर स्राव कमी समजतात. पुष्कळांना स्राव बरा असूनही कोरड जाणवते.

नागपूर व विदर्भात भाजलेली सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या खर्ऱ्यामुळे मुखकर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. शस्त्रक्रियेनंतर ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, घेतलेल्यांना कोरडी भाकरी गिळवत नाही, सावजी रस्सा तर सोसवतच नाही. किरणांनी लाळग्रंथींना इजा होते. कानाखालच्या लाळग्रंथींना सरासरी २६ ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) कमी मात्रा बसेल अशी आखणी करता येते. जबड्याखालच्या ग्रंथी मात्र मानेतील लसीका गाठींना खेटून असल्याने वाचवणे अवघड. विश्रांतीच्या वेळची बहुतांश लाळ त्याच देतात. मूल पेशींची, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींची, सुई मुख्यतः त्यांतच टोचतात, ती यामुळे.

वापरतात त्या पेशी अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या. त्यांच्या नावाचा वाद जुना आहे. १९७० च्या सुमाराच्या रशियन संशोधनात त्यांचे मूळ शोधले जाते. ‘मेसेंकायमल मूल पेशी’ हे नाव अमेरिकी जीवशास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केले. टोचलेल्या पेशी स्वतः लाळ बनवणाऱ्या पेशी होतात असे आधी मानत. पण त्या ग्रंथीत फार काळ टिकत नाहीत आणि त्यांनी सोडलेली द्रव्ये दाह शमवतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे कॅप्लन यांनीच ‘मूल’ हा शब्द सोडावा, असे सुचवले.

डेन्मार्कमधील २०१८ च्या चाचणीत ३० रुग्ण होते. पोटाची चरबी काढून वाढवलेल्या पेशी सोनोग्राफीच्या साहाय्याने टोचल्या. चार महिन्यांत विश्रांतीचा स्राव सुमारे ५० टक्के वाढला, प्लासिबो, म्हणजे पेशींविना नुसती सुई टोचलेल्या, गटात वाढला नाही. पुढील १२० रुग्णांच्या चाचणीत दात्याच्या पेशी वापरल्या. प्लासिबोहून निर्णायक फरक दिसला नाही. शिवाय पहिल्या चाचणीतील रुग्ण एचपीव्ही विषाणूजन्य घशाच्या कर्करोगाचे होते. खर्ऱ्याने गालाच्या आतील त्वचा आखडलेल्या रुग्णाला तेच आकडे लावणे धाडसाचे.

भारतात २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांखेरीज मूल पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तो उपचार म्हणून विकणे गैर आहे. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत आधी व्हावी लागते आणि सहभागासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. हा उपचार सिद्ध होईतोवर लाळ वाढवणारे पायलोकार्पिन, दातांसाठी फ्लोराइड आणि घोटघोट पाणी.